खाऱ्या पाण्यातली गरी : मुंबईत माझा पहिला हंगाम

मुंबईच्या समुद्रावर गरी टाकून मासे धरायला शिकायचं असं ठरवलं, तेव्हा विचारायचं कुणाला हेच कळत नव्हतं. पवईच्या तलावावर गळ टाकून बसणाऱ्यांबद्दल ऐकून होते, पण खाऱ्या पाण्याचं काय? परवाना लागतो का? बाईमाणसाने एकटीने खडकांवर उभं राहावं का? काठी कोणती घ्यायची? पाऊस संपला की लगेच जायचं की थंडीपर्यंत थांबायचं? ऑगस्ट ते नोव्हेंबर २०२४ या काळात या प्रश्नांची उत्तरं एकेक करून मिळत गेली. ती ज्या क्रमाने मिळाली त्याच क्रमाने लिहिते आहे, म्हणजे नव्याने उतरणाऱ्याला कमी चाचपडावं लागेल.

मी बोरिवलीत राहते, एका खासगी कंपनीत हिशेबाचं काम करते, वय ४६. पोहायला येतं ते तरणतलावापुरतं. त्यामुळे समुद्राची भीती होती आणि आजही ती पूर्ण गेलेली नाही. जाऊही नये असं मला वाटतं.

आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. बंदी उठली तरी कोळीवाड्यात हंगामाची खरी सुरुवात मानतात ती नारळी पौर्णिमेला, दर्याला नारळ वाहिल्यावर. २०२४ मध्ये ती १९ ऑगस्टला होती. त्यानंतरच्या रविवारी मालाड स्टेशनहून २७१ नंबरच्या बसने मढ जेट्टीला गेले, हातात काहीच न घेता. पाणी गढूळ, चहाच्या रंगाचं. लाटा मोठ्या होत्या आणि भरतीबरोबर शहराचं प्लास्टिक किनाऱ्यावर येऊन पडत होतं. धक्क्याच्या कडेला एक वयस्कर कोळी काका तंगुसाचा, म्हणजे नायलॉनच्या एकपदरी दोऱ्याचा, हातदोर टाकून बसले होते. मी भीत भीत जवळ जाऊन विचारलं, काठी कुठे चांगली मिळेल? ते म्हणाले, "काठी मंग घे, बाय. आदी पानी बघ."

सप्टेंबर उजाडेपर्यंत मी तेवढंच केलं. सुट्टीच्या दिवशी जायचं, कोणत्या खडकाला पाणी किती वाजता लागलं ते वहीत लिहायचं. काकांनी भरतीचा हिशेब सांगितला तो किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना पाठ असतो. तिथीला तीनने गुणायचं, चाराने भागायचं, जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, म्हणजे सहा. सकाळी सहाच्या सुमाराला भरती, दुपारी बाराला ओहोटी, संध्याकाळी सहाला पुन्हा भरती. चतुर्थीला तीन वाजता. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या आसपास. भरती रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते, म्हणून हे गणित जमतं. अर्थात ते स्थूल आहे, अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो. जायच्या आदल्या रात्री मी मोबाइलवर भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघतेच. पण पुढच्या महिन्यातला कोणता रविवार कामाचा आहे, हे कॅलेंडरवरची तिथी बघून एका मिनिटात ठरवता येतं. या सगळ्या खटाटोपात मला मिळालेली सगळ्यात उपयोगाची गोष्ट हीच.

दुसरी गोष्ट उधाण आणि भांगाची. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. तेव्हा मुंबईत भरतीची पातळी साडेचार मीटरच्या वर जाते आणि पाण्याला ओढ इतकी असते की दोराला वजन म्हणून बांधलेलं जड शिसंही तळाला ठरत नाही. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी थोडंच चढतं-उतरतं आणि ओढ मंद असते. खाडीच्या तोंडाशी गरी टाकायची तर मला दोन्हींच्या मधले दिवस आवडतात. पाणी हलतं, मासा फिरतो आणि शिसंही जागेवर राहतं.

तिसरी गोष्ट जिवाशी संबंधित. भरतीला साधारण सहा तास लागतात, पण पाणी सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग धरले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे निम्मं पाणी मधल्या दोन तासांत येतं. ओहोटीला खडकांवरून आत चालत गेलेल्या माणसाच्या मागची सखल जागा याच वेळेत भरते. समोर समुद्र तेवढाच दिसत असतो आणि परतीची वाट मात्र बुडालेली असते. मी ओहोटीनंतर दोन तासांचा गजर लावते. मासा लागत असो वा नसो, गजर झाला की कोरड्या बाजूला येते.

परवान्याचा प्रश्न मात्र मोबाइलवर सुटला नाही. ५ सप्टेंबरला, गुरुवारी, अर्धी रजा टाकून मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयात गेले. गणपती दोन दिवसांवर होते. साहेब बैठकीला गेले होते, विसर्जनानंतर या असं सांगितलं. तरी साध्या कागदावर अर्ज लिहून दिला. हौस म्हणून किनाऱ्यावरून काठीने मासे धरायला परवाना लागतो का, लागत असल्यास कुठे मिळेल, एवढाच मजकूर. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घेतला. ही सवय कुठल्याही कार्यालयात ठेवावी, पुढच्या वेळी बोलणं तारखेपासून सुरू होतं. अनंत चतुर्दशी १७ ला झाली, त्यानंतरच्या आठवड्यात पुन्हा गेले. या वेळी अधिकारी भेटले आणि शांतपणे समजावून सांगितलं. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा, २०२१ मध्ये त्यात सुधारणा झाली. त्यातला परवाना असतो तो मासेमारी नौकेला. किनाऱ्यावरून हौसेने गळ टाकणाऱ्यासाठी वेगळा फॉर्म त्यांच्याकडे नव्हता. मात्र नौदलाच्या, बंदराच्या आणि इतर प्रतिबंधित हद्दीत जायचं नाही, फेरीबोटीच्या धक्क्यावर तिथल्या कर्मचाऱ्यांचं ऐकायचं, आणि लहान मासा ठेवायचा नाही. राज्याने २०२३ मध्ये ५४ प्रजातींसाठी पकडायच्या माशाची किमान लांबी ठरवून दिली आहे, तेही तिथेच कळलं. हे सगळं उत्तर तोंडी होतं. मी घरी येऊन तारखेसह लिहून ठेवलं. तेव्हापासून अर्जाची शिक्क्याची प्रत आणि आधार कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून बरोबर नेते. गस्तीवरच्या पोलिसांनी विचारलं की दोन्ही दाखवते, नाव-गाव सांगते. अडचण आली नाही.

खरेदी पितृपक्षात उरकली. मस्जिद बंदरच्या बाजूला दोऱ्या आणि जाळ्यांच्या दुकानांच्या ओळीत गळाचं सामान मिळतं. नऊ फुटी काठी २,४०० रुपये, ४००० आकाराचं रीळ २,९००, विणलेला दोर १,२५०. पुढचं जाड तंगूस, गळ, दोराला पीळ पडू न देणाऱ्या फिरक्या, शिसं मिळून ९००. लांब तोंडाची पक्कड ३५०. रबरी तळाचे बूट ९०० आणि जीवरक्षक जॅकेट १,६००. दुकानदार भारी रीळ दाखवत होते. माझं मत असं, की पैसे उरत असतील तर ते बुटांवर आणि जॅकेटवर घालावेत. शेवाळलेल्या काळ्या खडकावर गुळगुळीत चप्पल घालून उभी असलेली माणसं बघून माझ्या पोटात गोळा येतो. मरीन ड्राइव्हच्या टेट्रापॉडवर, म्हणजे लाटा अडवायला टाकलेल्या सिमेंटच्या ठोकळ्यांवर, मी उतरत नाही. तिथे फटीत पाय गेला तर बाहेर काढणंच अवघड.

सप्टेंबरमध्ये अजून एक सावधगिरी लागते, ती पाकटाची, म्हणजे शेपटीला विषारी काटा असलेल्या चपट्या माशाची. गणपती विसर्जनाच्या दिवसांत पाकट उथळ पाण्यात येतात. २०१३ मध्ये गिरगाव चौपाटीवर विसर्जनाला उतरलेल्या कित्येकांना त्यांच्या शेपटीचे काटे लागले होते. रेताड जागी पाण्यात उतरावंच लागलं तर पाय उचलून टाकू नये, तळाशी घासत सरकवावा. पाकटाला चाहूल लागते आणि तो निघून जातो.

दिवसभर हिशेब करणाऱ्या माझ्यासारखीला माशांच्या काट्यांबद्दल कळणार कसं! ते मी जेट्टीवर शिकले. शेजारी उभ्या असलेल्या एका तरुणाला शिंगाळा लागला. गळ काढताना मासा उसळला आणि पंखाजवळचा काटा त्याच्या तळव्यात घुसला. शिंगाळ्याला पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक असे करवतीसारखे काटे असतात, त्यांत विष असतं. मुलगा पांढराफटक पडला. काकांनी त्याला थेट चहाच्या टपरीवर नेलं आणि सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायला लावला. या विषातली प्रथिनं उष्णतेने निकामी होतात, म्हणून गरम पाण्याने वेदना उतरते. पाकटाच्या काट्यालाही हाच पहिला उपाय. भाजणार नाही याची काळजी घ्यायची, पाणी निवलं की बदलायचं आणि मग दवाखाना गाठायचा. काट्याचा तुकडा आत राहू शकतो, धनुर्वाताचं इंजेक्शनही लागतं. तेव्हापासून माझ्या पिशवीत गरम पाण्याचा थर्मास असतो, आणि शिंगाळा लागला की मी हात लावतच नाही, पकडीने गळ काढते.

ऑक्टोबर उजाडला तसं पाणी बदलायला लागलं. मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर आहे, पण त्या वर्षी दसऱ्याच्या आसपासही संध्याकाळी विजांसह सरी येत होत्या. आभाळ गडगडलं की काठी आडवी ठेवून निवाऱ्याला जायचं. कार्बनच्या काठीतून वीज वाहते, आणि मोकळ्या खडकावर सगळ्यात उंच टोक तेच असतं. सरी थांबल्यावर गाळ बसायला लागला. नद्यांनी आणि खाड्यांनी पावसाळाभर आणलेल्या खतावर पाण्यातली सूक्ष्म जीवसृष्टी वाढलेली असते, तिच्यावर करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, आणि बोयट माशांची पिल्लं पोसतात. ती भरतीबरोबर खाडीत शिरतात आणि ओहोटीबरोबर बाहेर पडतात. त्यांच्या मागावर रावस, जिताडा, तांबोशी हे शिकारी मासे खाडीच्या तोंडाशी येऊन थांबतात. म्हणून पावसाळ्यानंतरचे हे दिवस किनाऱ्यावर उभं राहणाऱ्याचे. उकाडा मात्र जीव काढतो. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, गळ्यापर्यंत टोपी, दोन लिटर पाणी आणि मीठ-साखर हे माझं ठरलेलं सामान.

आमिष म्हणून कोळंबी. सकाळी कोळणींकडून ताजी घेते, पाव किलो शंभराच्या आसपास. सोलायची नाही, शेपटीकडून गळ घालून पाय मोकळे ठेवायचे. कोळणींशी बोलणं झालं की आणखी बरंच कळतं. डोल जाळी, म्हणजे पाण्याच्या ओढीत एका जागी बांधून ठेवलेली पिशवीसारखी जाळी, कुठे लावली आहेत, आज खाडीत काय मिळालं, कुठे गरी टाकलेली चालणार नाही. जाळ्यांच्या जवळ गरी टाकू नये आणि वलांडीवर, म्हणजे मासे वाळवायच्या बांबूंच्या मांडवावर, बोंबील सुकत असतील तिथून सामान घेऊन घुसू नये. ती त्यांच्या घराची जागा आहे, आपण पाहुणे आहोत.

पहिला रावस लागला तो २० ऑक्टोबरला, रविवारी. संकष्टी होती. चतुर्थी म्हणजे हिशेबाने तीनला भरती, ओहोटी नऊच्या सुमाराला. मी साडेनऊपासून उभी होते. पहिला तास नुसता गेला. पाणी सरकायला लागलं, दुसरा तास अर्धा झाला, तेव्हा दोर एकदा थरथरला, सैल पडला आणि मग एकदम समुद्राकडे खेचला गेला. रिळाचा ब्रेक आधीच हलका ठेवला होता, त्यामुळे दोर सुटत राहिला आणि तुटला नाही. माझे गुडघे कापत होते. काका मागून एकच सांगत होते, "काठी वर ठेव, घाई नको करू." मासा खडकाशी आला तेव्हा लाट येऊ दिली, लाटेबरोबर त्याला वर घेतलं. नऊशे ग्रॅमचा रावस. त्याच्या छातीखाली चार मोकळे तंतू असतात, त्यांनी तो तळ चाचपत भक्ष्य शोधतो. मुंबईच्या गढूळ पाण्यात, जिथे आपल्याला हातभर खालचंही दिसत नाही, तिथे त्याला कोळंबी कशी सापडते हे ते तंतू बघून कळलं. मी बराच वेळ त्यांच्याकडेच बघत होते.

आईचा संकष्टीचा उपास, सोमवारी तर आमच्याकडे मासे नसतातच. रावस साफ करून ठेवला आणि मंगळवारी चिंचेच्या कोळातलं कालवण झालं. आईने विचारलं, परत कधी जाणार?

जिताडा मला या हंगामात लागला नाही. लागला आणि मोठा असला तर सोडून देणार आहे. जिताडा जन्मतो नर म्हणून आणि काही वर्षांनी त्याची मादी होते, म्हणजे मोठा जिताडा ही बहुतेक वेळा अंडी देणारी मादी असते. हे वाचल्यापासून मोठ्या जिताड्याचे फोटो बघताना मला वाईट वाटतं.

दिवाळीनंतर बोटीचं मनावर घेतलं. इथे पुन्हा कागद. ओळखीचे नाखवे, म्हणजे बोटीचे मालक, न्यायला तयार असतात, पण मासेमारी नौकेचा परवाना मासेमारीसाठी असतो. पैसे घेऊन माणसं न्यायची तर बोटीला महाराष्ट्र सागरी मंडळाची प्रवासी वाहतुकीची परवानगी हवी. मी फोनवर चार गोष्टी विचारल्या. परवानगी चालू आहे का आणि किती माणसांची? प्रत्येकाला जॅकेट आहे का? वायरलेस आहे का? आणि शौचालय आहे का? शेवटचा प्रश्न विचारायला बायकांना संकोच वाटतो. वाटू देऊ नये. आठ-नऊ तास पाण्यावर असतो, आणि त्यासाठी पाणी न पिता बसणं उन्हात धोक्याचं आहे. शौचालय असलेली बोट माणशी ५०० रुपयांनी महाग पडली, ३,५०० रुपये. मी तीच घेतली. आधारची प्रत, घरच्या माणसाचा नंबर, आजारांची माहिती आणि सही असं एक पान भरून दिलं, १,००० रुपये आगाऊ. १० नोव्हेंबर ठरली होती, पण माणसं पुरी झाली नाहीत. मग २४ नोव्हेंबर, विधानसभेच्या निकालाच्या दुसऱ्या दिवशी.

वद्य नवमी, म्हणजे भांगाचं पाणी आणि पावणेसातला भरती. खाडीच्या तोंडाशी वाळू साचलेली असते, ओहोटीला तिथून बोट जात नाही, म्हणून सहालाच निघालो. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून तासभर आधी घेतली होती. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा असतो, त्यात पाणी बऱ्यापैकी सपाट राहतं. अकरानंतर वारा फिरला, समुद्राकडून यायला लागला आणि बोट डोलायला लागली. तोपर्यंत सगळ्यांचं बरंच काम झालेलं होतं. खडकाळ तळावर गरी सोडली होती. ढोमे लागले, शिंगाळे लागले, आणि मला एक तांबोशी, किलोला थोडी कमी. बोट चालवणाऱ्या तांडेलाने लहान ढोमे न सांगता परत टाकले, ते मला फार आवडलं. एकाला उलट्यांनी हैराण केलं. त्याला मधोमध, क्षितिजाकडे तोंड करून बसवलं, थोडं थोडं आल्याचं पाणी दिलं. परतताना पुन्हा वाळूपाशी थांबलो. ओहोटी पाऊणला होती, पाणी पुरेसं चढेपर्यंत तीन वाजले. त्या दिवशी संध्याकाळचं दुसरं काही ठरवू नका.

घरी आल्यावर, कितीही दमलात तरी, काठी आणि रीळ गोड्या पाण्याच्या बारीक धारेखाली धुवायचं, पुसायचं आणि ब्रेकचं बटण सैल करून सावलीत ठेवायचं. जोराच्या धारेने मीठ आत जातं. गळ पुसून थेंबभर तेल.

सामानाला दहा हजारांच्या थोडं वर गेले, बोटीला साडेतीन. पुढे महिन्याला आमिष, खडकात अडकून तुटणारं शिसं आणि गळ मिळून सातशे-आठशे लागतात. एवढा खर्च आधीच करायचा नसेल तर काकांसारखा हातदोर घ्या. प्लास्टिकच्या बाटलीला गुंडाळलेलं तीस-चाळीस मीटर जाड तंगूस, दोन गळ आणि शिसं, सगळं मिळून तीनशेच्या आत येतं. बोटांना चिंध्या किंवा रबरी बोटमोजे घाला, मासा खेचला की तंगूस कापतं. अष्टमीच्या आधीचा किंवा नंतरचा रविवार बघा, ओहोटी किती वाजता आहे ते काढा आणि पाणी वळल्यावर तासाभराने दोर टाका.